मेरेकू जिना नको

औरंगाबाद
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० ऑगस्ट २०००

मला चमच्यात नापास केलंय, आवडे. सत्तर वर्षं या पाच बोटांनी जेवले, तुझ्या आईला अन् मामाला याच बोटांनी भरवलं, अन् आता इथं सराव घेणारी एक जबलपूरची पोरगी कागद घेऊन माझ्या ताटापाशी उभी राहती अन् म्हणती, 'अम्मा, चम्मच से.' म्या म्हणलं, 'बाई, कालवणात कुस्करलेली भाकरी चमच्यानं खायला मी काय गोरा साहेब हाय?' तिनं मार्क कापले.

चि. आवडास आजी मनकर्णाबाईचा आशीर्वाद. राम राम झाला, आता पुढचं ऐक.

खुब्याचं आपरेशन झालं ते तुला ठाऊक हाय. पण पडले कशी ते तुझ्या मामानं खरं सांगितलं नसंल. 'चक्कर आली' म्हणाला असंल. चक्कर माझ्या दुश्मनाला. फर्दापूरला अंगणात पापड वाळत घातले व्हते. लेण्याकडून आलेलं एक वानर अख्खं सूपच उचलून चाललं. मी खराटा घेऊन मागं लागले. वानर वाचलं, खुबा मोडला. उरलेले पापड द्वारकाबाईनं उचलले. जाऊ हाय माझी, भिंतीला भिंत लावून राहती. पापड तिनं नीट ठेवले असतील असं मी म्हणत नाय.

आता मला दवाखान्याच्या 'पुनर्वसन' वॉर्डात टाकलंय. दारावरची पाटी वाचली अन् म्या म्हणलं, हे काय? पुनर्वसन म्हंजे ज्याचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं त्याचं. माझं फर्दापूर तर डोंगराच्या पायथ्याला कोरडं ठाक हाय. तर म्हणतेत, नाय आजी, इथं मोडलेल्या माणसाला परत चालतं करतेत. करा बापा. पण मोजतेत लई. जेवली किती आपल्या हातानं, न्हाली किती, लुगडं नेसली किती, मोरीला गेली किती. समद्याला सातपैकी मार्क. पूर्ण दुसऱ्यानं केलं तरी एक मार्क मिळतोच. म्या इचारलं, मेलेल्याला बी एक देता का? जबलपूरवाली हसली नाय. तिला माझी मराठी कळत नाय, मला तिची हिंदी निम्मी कळती, बाकीचं आम्ही हातवाऱ्यानं भांडतो.

शेजारच्या खाटेवर सरूबाई हाय, जालन्याकडची. वाऱ्यानं तिची उजवी बाजू अन् वाचा गेली. तिला समदं कळतं, बोलता तेवढं येत नाय. त्याच्यामुळं आमचं लई जमतं.

आता मुद्दा. त्या कागदाच्या खाली तुझ्या पुण्याच्या हापिसाचं नाव छापलंय. म्या वाचलं. दुसरी पास हाय मी, आंधळी नाय. हे मार्क तूच जमा करतीस का? करत असशील तर सांग, त्यांचं करतेत काय? कारण तुझा मामा मला इथून थेट उस्मानपुऱ्यात न्यायचं म्हणतोय, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाय. तिथं वर गेलेलं म्हातारं माणूस खाली येतं ते चौघांच्या खांद्यावर. मला मपल्या घरी जायचंय. उत्तर लवकर दे अन् सोप्या मराठीत दे.

मनकर्णाबाई


पुणे
२ सप्टेंबर २०००

प्रिय आजीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. वानराशी पोचले आणि इतक्या मोठ्याने हसले की आमच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

हो, ते कागद आमच्याकडेच येतात. मार्क मी देत नाही. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून आलेले मार्क मी एका तक्त्यात मांडते. माणूस वॉर्डात आला तेव्हा त्याचं त्याला किती जमत होतं आणि घरी जाताना किती जमतं, यातली वाढ काढायची. मग तो जितके दिवस खाटेवर राहिला, तितक्या दिवसांनी तिला भागायचं. जे उत्तर येतं त्याला आम्ही वॉर्डाची कार्यक्षमता म्हणतो. थोड्या दिवसांत जास्त सुधारणा, म्हणजे वॉर्ड चांगला. रागावू नकोस, पण तुमचा वॉर्ड यंदा तळाला आहे. असाच राहिला तर तो पुढे चालवायचा की नाही, असं साहेब बोलू लागलेत.

चमच्याची काही सक्ती नाही. ज्याची जी रीत, त्या रीतीने स्वतःच्या हाताने जेवलं की पूर्ण मार्क. ती मुलगी नवीन दिसते. मी वॉर्डाला कळवते.

आणि हे मार्क नुसते पुण्याला येत नाहीत. तुला सोडायच्या आधी डॉक्टर, ती जबलपूरची मुलगी आणि घरचे एकत्र बसतील आणि त्यावरूनच तू कुठे राहायचं ते ठरवतील. म्हणून जेवण, आंघोळ, चालणं, जिना, जे जे आहे ते मन लावून कर. मामावर फार चिडू नकोस. काळजीनेच म्हणतो तो.

तुझी,
आवडा


औरंगाबाद
५ सप्टेंबर

काळजी कुणाची कुणाला, ते आधी ठरवा. काल तुझा मामा आला तवा म्या मनातल्या मनात त्याला बी मार्क दिले. आंघोळ: पाणी बायको काढती, टावेल बायको देती. तीन. कपडे: शर्ट बायको खाटेवर मांडती, बटणं मातर स्वतः लावतो. पाच. चपला तीच दाराशी आणून ठेवती. जेवताना तांब्या हातभर लांब असला तर हाक मारतो. चिकलठाण्याच्या कंपनीत एवढं मोठं मशीन चालवणारा धडधाकट गडी, अन् मार्क माझ्यापेक्षा कमी! त्याला भरती करा की.

आवडे, आशीर्वाद. चमच्याचे मार्क परत मिळाले, त्याबद्दल दिवाळीत तुला जास्तीची करंजी.

तुझा हिशोब कळला. म्हशीला किती दिवस पेंड घातली अन् दूध किती वाढलं, तेच की. त्याच्यासाठी पुण्यात इतकं शिकावं लागतं व्हय? पण साहेबाला एक सांग. माझे पहिले मार्क घेतले तवा मला आपरेशनची गुंगी व्हती, मी जबलपूरवालीला आमची गाय समजून हाकलत व्हते. माणूस खड्ड्यात असताना मोजायचं अन् मग वर काढलं म्हणून ढोल वाजवायचा, हे गुरांच्या बाजारातले हेडे बी करतेत. तरी आमचा वॉर्ड तळाला राहतो म्हंजे इथली माणसं साधी हायेत.

आता गुपित. कुणाला सांगू नको. जिना मला येतो.

वॉर्डाच्या कोपऱ्यात सरावाला एक लाकडी जिना ठेवलाय, कुठंच न जाणारा. इकडून चढायचं, तिकडून उतरायचं. परवा जबलपूरवाली चहाला गेली तवा मी कठडा धरून चढले अन् उतरले. सरूबाईनं डोळे फाडून पाहिलं. पण तिची वाचा बंद. असा साक्षीदार देवानंच द्यावा. जबलपूरवालीपुढं मातर मी पायरीला पाय लावत नाय. काहून? आजीला जिना येत नाय असं कागदावर पडलं की तिसरा मजला आपोआप कटला. मपल्या घराला एक उंबरठा हाय, बस्स.

ती रोज मागं लागती. काल म्या तिला तिच्याच भाषेत साफ सांगितलं, 'बेटी, मेरेकू जिना नको. बिलकुल नको. सत्तर साल हुए, अब कायको जिना?' डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. माझा हात धरून बसली. मला वाटलं, पोरगी समजूतदार हाय, उगाच हिला बोलले. मग एक गोड आवाजाच्या बाई आल्या. झोप लागती का, रडू येतं का, कशाची आठवण छळती का, इचारत बसल्या. म्या म्हणलं, आठवण छळती, पापडाची. त्यांनी लिहून घेतलं. आज डॉक्टर स्वतः येऊन उशी नीट करून गेले. जिना नाकारला की इतकी सरबराई व्हती हे ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी नाकारला असता.

मनकर्णाबाई


पुणे
८ सप्टेंबर

प्रिय आजी,

आधी मामाचा फोन आला. रडत होता. 'आवडे, आई म्हणती मला जगायचं नाय.' मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

अगं माझे आजी! ती मुलगी पायऱ्यांना 'सीढ़ी' म्हणते. तिच्या हिंदीत 'जीना' म्हणजे जगणं! तू तिला तोंडावर सांगितलंस की मला जगायचं नाही, बिलकुल नाही, सत्तर वर्षं झाली, आता कशाला जगू. रडेल नाही तर काय करेल बिचारी?

मी वॉर्डात फोन करून जिन्याचा अर्थ सांगितला. गुपित सांगितलं नाही. पण आता हसणं बाजूला ठेवून ऐक. तुझी युक्ती तुझ्यावरच उलटणार आहे. जिन्यात एक मार्क पडला की एकूण खाली येतं, आणि एकूण खाली आलं की बैठकीत म्हणतात, 'ही बाई एकटी राहू शकत नाही.' मग तिसरा मजला कटत नाही, तोच पक्का होतो. मामाने तुला खुर्चीसकट वर न्यायला शेजारचे दोघे सांगूनही ठेवलेत. आणि फर्दापूरची ओसरी तो पुंजारामला दुकानासाठी देणार आहे, पाहुण्यांना रंगीत दगड विकायला. हे मी तुला सांगायचं नव्हतं.

दुसरंही एक आहे. तुझ्यासारखे दोनतीन पेशंट असे अडून बसले की वॉर्डाची कार्यक्षमता पडते, आणि तो आकडा मांडते मी. नात म्हणून मी तुझं गुपित पोटात ठेवीन. पण तक्ता भरताना माझा हात अडतो, आजी. चढून दाखव.

आवडा


औरंगाबाद
११ सप्टेंबर

पुंजारामला? त्या दगडविक्याला माझी ओसरी? जिथं मी पापड लाटते तिथं तो गारगोट्या मांडणार?

आवडे, आशीर्वाद.

निजामाच्या राज्यात जन्मले मी. कचेरीत, मोंढ्यात, हवेलीत, उर्दू बोलणारे बी जिन्याला जिनाच म्हणायचे. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, जिना जागच्या जागी राहिला. आता जबलपूरकडं त्याचा अर्थ बदलला, तर ते मला कोण कळवणार व्हतं?

तुझा फोन यायच्या आधी इथं काय झालं ते ऐक. तुझी मामी शिरा घेऊन आली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझे पाय दाबायला बसली, मोडका बी दाबला. मामा खाटेच्या कडेला बसून रडला. पोरगा आपल्यासाठी रडतोय हे पाहून जरा बरं वाटलं, खोटं काहून बोलू? पण रडता रडता म्हणाला, 'आई, आता तुला एकटीला ठेवणारच नाय.' तवा शिरा घशात अडकला.

अन् त्याच येळी सरूबाईची वाचा फुटली! इतके दिवस नुसती 'अं अं' करणारी बाई. डावं बोट माझ्याकडं केलं अन् ठणठणीत म्हणाली, 'चढती. ती चढती.' जबलपूरवाली धावत आली, टाळ्या पिटल्या, सरूबाईला मिठी मारली, तिच्या कागदावर बोलण्याचे मार्क वाढवले. मग सरूबाई म्हणाली काय, ते तिच्या ध्यानात आलं. सावकाश वळली अन् माझ्याकडं पाहिलं. देवानं बाईला वाचा दिली ती बी चहाडीसाठी. सरूबाई आता दिवसभर तेवढंच बोलती.

काल तुझं पत्र आलं तवा जबलपूरवाली स्टूल ओढून बसली. 'अम्मा, छुपाया क्यों?' म्या समदं सांगितलं, तिसरा मजला, ओसरी, पुंजाराम. ती म्हणाली, 'आप नहीं चढ़ोगी तो वॉर्ड बंद होगा, मैं भी घर चली जाऊँगी.' म्या म्हणलं, म्हंजे तुझं बी पुनर्वसन. या बारीला हसली.

पण तिढा सुटला नाय. चढले तर 'बघा, आईला तिसरा मजला जमतो.' नाय चढले तर खुर्चीत घालून तिसरा मजला. रविवारी सतरा तारखेला मुक्तिदिन हाय, मामाला सुट्टी. त्या दिवशी मला उस्मानपुऱ्यात नेऊन बघणार, घरात कसं जमतं ते. जबलपूरवाली कागद घेऊन संग येणार. दुसऱ्या दिवशी बैठक. तू शिकलेली हायस, काय करू ते सांग. अन् लांबण लावू नको.

मनकर्णाबाई


पुणे
१४ सप्टेंबर (स्पीड पोस्टाने)

आजी,
लांबण लावत नाही. कागदावर 'जिना' असं छापलंय, 'चढणे' असं नाही. त्यात चढणं येतं, तसं उतरणंही येतं. तू आपली एकाच बाजूचा विचार करते आहेस.

आवडा


फर्दापूर
२४ सप्टेंबर २०००

माझ्या ओसरीत खोकी हायेत. पुंजारामची, दगडांनी भरलेली, एक दोन नाय, भिंतभर. हलवायला तो यीना अन् मला हलवता यीना. द्वारकाबाई त्यांच्यावर बसून तंबाखू मळती.

आवडे, आशीर्वाद. वरचा पत्ता वाचलास ना? मी मपल्या घरी हाय. आता नीट सांगते.

रविवारी रिक्षानं उस्मानपुऱ्यात गेलो. मामानं सांगितलेले दोघे खुर्ची घेऊन खाली उभे. म्या म्हणलं, बाबांनो, बसा तुम्हीच तिच्यात. काठी एका हातात, कठडा दुसऱ्या हातात, अन् चढले. जबलपूरवाली एक पायरी मागं. मधी दोनदा थांबले. दम लागला व्हता, पण त्याला मी 'शेजाऱ्यांची दारं बघत व्हते' असं नाव दिलं. वर पोचले तर मामाचा आनंद गगनात माईना. 'बघा, आई चढली! आता काय काळजी नाय!'

आत माझी पेटी येऊन पडली व्हती. फर्दापूरची माझी पेटी, मला न इचारता. गॅलरीत माझी खाट, उशाला देव. चहा झाला. मामा म्हणाला, 'आई, आता खाली जायचं कामच नाय. दवाखाना, देव, टीव्ही, समदं वर.' मामीनं मान डोलवली, पण तिच्या तोंडावर काय उजेड दिसला नाय. गॅलरीत तिची वाळवणं व्हती, ती उचलून तिनं खाटंखाली कोंबली व्हती. म्या पाहिलं. बाईची वाळवणाची जागा गेली की काय व्हतं ते मला कुणी सांगायला नको.

म्या कप खाली ठेवला, काठी उचलली अन् निघाले. 'कुठं चाललीस?' म्या म्हणलं, 'जिना अर्धाच झालाय.'

तुझा मामा उठला मागं यायला, तर त्याला चपला सापडंनात. पाहुणे आले म्हून मामीनं कुठंतरी सरकवलेल्या. 'अगं, माझ्या चपला कुठं?' 'बघा की तिथंच!' 'तिथं नाहीत!' असं त्यांचं चालू असताना मी अन् जबलपूरवाली एकेक पायरी उतरत व्हतो. उतरणं चढण्यापेक्षा वाईट असतं, हे तू लिहिलं नव्हतंस. गुडघा म्हणतो, मी येत नाय. त्याला म्या म्हणलं, मग रहा तू उस्मानपुऱ्यात.

खाली आले अन् त्या रिकाम्या खुर्चीत टेकले. जबलपूरवालीनं कपाळाचा घाम पुसला, माझा नाय, तिचा. म्हणाली, 'अम्मा, अब जीना है?' म्या म्हणलं, 'हाव. दोनो बी जिना हैं.'

मग तुझा मामा आला, अनवाणी. म्या म्हणलं, 'रामकिसन, मी खाली हाय. मला घरी कोण सोडतंय?' पहिल्या पायरीवर बसला. हसला बी अन् डोळे बी पुसले. म्हणाला, 'तू इथं राहिलीस तर रोज दिसशील म्हून केलं गं.' म्या म्हणलं, 'दिसायला मी काय लेण्यातलं चित्र हाय? तरी बघायचीच असंल तर फर्दापूरची बस हाय. लोक जगातून येतेत, तू उस्मानपुऱ्यातून ये.'

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत डॉक्टरांनी समदे मार्क मोठ्यानं वाचले. आंघोळीत माझा एक कमी पडला, मला उंच पाट लागतो. भांडले नाय, घेतला. ठरलं ते असं: मोरीत धरायला दांडी, उंच पाट, अन् महिनाभर द्वारकाबाई निजायला माझ्या घरी. ती एक शिक्षा मुकाट्यानं भोगतेय, तिच्या घोरण्याला सातपैकी सात. मामानं दांडी स्वतः ठोकली. जरा वाकडी ठोकली, पण ठोकली.

निघताना सरूबाईचा निरोप घेतला. तिला आता नवा शब्द आलाय, 'उतरली'.

परवा जबलपूरवालीचा द्वारकाबाईकडं फोन आला. तुझ्या साहेबानं वॉर्डाला इचारलंय म्हणं: या पेशंटचे मार्क शेवटच्या आठवड्यात एकदम इतके कसे वाढले, कोणता नवा उपचार केला? तिनं इचारलं, अम्मा, काय लिहू? म्या म्हणलं, खरं लिही. 'पेशंटला तिच्या पोराचा तिसरा मजला दाखवला.' अन् तू बी तक्त्यात खरं लिही. मधले दिवस वॉर्ड कमी पडला नाय, म्हातारी लबाडी करत व्हती. आता तुझा हात अडायला नको. एवढं करून वॉर्ड तळातून जितका वर यील तितका येऊ दे.

आता शेवटचं. हे पत्र वाचलंस की तसंच मामाला धाड. याचं उत्तर तू द्यायचं नाय. मामीनं तर मुळीच नाय, तिची गॅलरी तिला परत मिळाली, तिनं वाळवण घालावं. उत्तर रामकिसननं द्यायचं: पुंजारामची खोकी कोणत्या दिवशी उचलतो, अन् माझी पेटी कधी आणून देतो. कागद स्वतः शोधायचा, पेन स्वतः शोधायचं, पाकीट स्वतः चिकटवून स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकायचं. बायकोनं तिकीट जरी हातात दिलं तरी मार्क कापीन.

मनकर्णाबाई